कोंबडीला डॉक्टर कोण बोलावतो?

आमच्या भागात जनावरांचा मान ठरलेला आहे. बैलाला बेंदूर आहे, गाईवासराला वसुबारस आहे, नागाला पंचमी आहे. कोंबडीला कुठलाच सण नाही. उलट जत्रा असली, जावई आला, म्हसोबाचा नवस फेडायचा असला, की पहिला हात डालग्याकडं जातो. दर पाच वर्षांनी सरकारची पशुगणना होते, तिच्यात गावात कोंबड्या किती याचा आकडा येतो. पण त्यातली एखादी आजारी पडली तेव्हा तिला कोणी उचललं, काय पाजलं, किती रात्री चुलीपाशी ठेवलं, हे कुठल्याच कागदावर नसतं.

गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी वाडे लिहिले, तालमी लिहिल्या, पाटीलकीची भांडणं लिहिली. ते त्यांनी चांगलंच केलं. मला परसातल्या आजारी कोंबडीबद्दल लिहायचं आहे, कारण तिच्या मागं बायकांच्या पैशांचा इतिहास आहे. तो आता सांगितला नाही तर सांगणारी पिढी संपेल.

माझं माहेर माण तालुक्यातलं. पाऊस कमी, माळ जास्त. बाजरी, मटकी, हुलगा आणि नशिबानं थोडी ज्वारी. आमच्या घरात पैशाच्या तीन वाटा होत्या. रानात पिकलेलं विकलं की पैसा आबांच्या कोपरीच्या खिशात जायचा. दुधाचा पैसा डेअरीवरून यायचा, त्यातला निम्मा पेंडीत आणि निम्मा सोसायटीच्या हप्त्यात. राहिली अंडी. अंड्याचा पैसा मात्र आईचा. आबांनी त्याचा हिशेब कधी विचारला नाही. विचारणं पुरुषाला कमीपणाचं वाटायचं. "बायकांच्या अंड्याकोंबड्यांत काय बघायचं," असं म्हणत ते उठून जायचे, आणि त्या कमीपणाच्या आडोशाला आईचा एक छोटा संसार सुखानं चालायचा. मीठ, काड्याची पेटी, बांगड्या, माहेरी जायचं एसटीचं भाडं, आमच्या पाटी-पेन्सिली, सगळं त्यातून.

आई अंडी कोंड्याच्या टोपलीत ठेवायची. किती झाली याच्या रेघा चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं ओढलेल्या. बाजाराच्या दिवशी सकाळी ती रेघा मोजायची आणि बोटानं पुसून टाकायची. जिला स्वतःची कोंबडी घेता येत नव्हती ती अर्धलीनं घ्यायची. म्हणजे कोंबडी एकीची, सांभाळायची दुसरीनं आणि पिल्लं निघाली की निम्मी निम्मी. गावात अशा कितीतरी कोंबड्या होत्या ज्यांच्यावर दोन घरांचा हक्क असायचा. त्यातली एक आजारी पडली की दोन बायका तिच्याभोवती बसायच्या.

आता पुरुषांचा हिशेब बघा. बैल आजारी पडला तर आबा जेवायचे नाहीत. तालुक्याला माणूस जायचा, डॉक्टर यायचा, नाही आला तर शेजारच्या गावचा जाणता यायचा. कोंबडी मलूल झाली तर मात्र एकच वाक्य, "पडायच्या आधी कापा." त्यात क्रूरपणा नव्हता, ते गणित होतं. एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं कोंबडीच्या किमतीत बसत नव्हतं. मेली तर फुकट गेली, कापली तर एक वेळचं कालवण तरी झालं.

आईचं गणित वेगळं होतं. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. दहा-पंधरा अंड्यांचा एक हप्ता घालते, मग खुडूक बसते, पिल्लं फिरवते, परत अंड्यावर येते. चांगली खुडूक बसणारी, घारीला ओळखणारी, पिल्लं न तुडवणारी कोंबडी विकत मिळत नाही. ती परसात घडावी लागते. आईला कापलेल्या कोंबडीचं एक कालवण दिसत नव्हतं, पुढचे चार हप्ते दिसत होते. म्हणून आमच्या घरात आजारी कोंबडीवरून जी वादावादी व्हायची ती पैसा कुणाचा आणि पुढचं कोण बघणार याचीच असायची.

या बायकांना डॉक्टर मिळत नव्हता, म्हणून त्यांनी आपलीच परीक्षा तयार केली होती. ती मी आईकडून शिकले.

पहिली परीक्षा पहाटेची. कोंबडीच्या गळ्याखाली, छातीच्या वरच्या बाजूला एक पिशवी असते. दिवसभर टिपलेलं खाणं आधी तिथं साठतं. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात जातात तेव्हा ती पिशवी टम्म असते, आणि रात्रभरात तिच्यातलं खाणं हळूहळू खाली उतरतं. पहाटे ती रिकामी, चपटी हाताला लागली पाहिजे. आई खुराड्याची फळी काढताना एकेकीच्या गळ्याखाली दोन बोटं लावूनच बाहेर सोडायची. पहाटेही पिशवी भरलेली लागली तर काहीतरी अडलंय. दगडासारखी घट्ट लागली तर गवताचा, दोऱ्याचा बोळा बसलाय. पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत लागली आणि चोचीला आंबूस वास आला तर आतलं खाणं नासलंय. दिवसा हात लावून यातलं काही कळत नाही, कारण दिवसा पिशवी भरलेली असणारच. हे पुस्तकात वाचायला मिळालं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. आईला ते सही करता येत नसतानाही ठाऊक होतं.

दुसरी परीक्षा विष्ठेची. वाचताना नाक मुरडू नका, डॉक्टरसुद्धा तेच बघतो. चांगल्या कोंबडीची विष्ठा काळपट-तपकिरी, बांधलेली आणि तिच्यावर पांढरी टोपी. ती पांढरी टोपी म्हणजे तिची लघवी, कारण कोंबडीला दोन वाटा नसतात. दिवसातून एकदोनदा ती चॉकलेटी, चिकट, घाण वासाची विष्ठा टाकते, ते नेहमीचंच. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठते आणि भलामोठा गोळा टाकते, तोही आजार नव्हे. उन्हाळ्यात पाणी जास्त पिते म्हणून पातळ होतं. पण पिल्लांना रक्ताची हगवण लागली, मागचं पीस पांढऱ्या चिकट्यानं माखलं, किंवा हिरवं पाणी पडायला लागलं, की आईचा चेहरा बदलायचा.

तिसरी परीक्षा पेट्याची. कलेजीबरोबर जो पेटा आपण खातो तो म्हणजे कोंबडीचं जातं. तिला दात नाहीत. ती बारीक खडे गिळते आणि त्या खड्यांवर दाणे भरडते. म्हणून आजारी कोंबडी दोनचार दिवस डालग्याखाली झाकली तर आई दाण्याआधी मूठभर खडेमिश्रित वाळू आत टाकायची. "जात्याला टाकी लावल्याशिवाय पीठ पडंल व्हय?" असं म्हणायची.

या परीक्षा खऱ्या कामाला आल्या त्या बहात्तरच्या दुष्काळात. मी बारा वर्षांची होते. माणसांनाच खायला नव्हतं. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी यायची, कामावर सुकडी मिळायची. आई-आबा दोघं खडी फोडायला जायचे. जनावरं छावणीला गेली, काही विकली, काही दावणीलाच गेली. कोंबड्यांना छावणी नव्हती. गावातल्या निम्म्या कोंबड्या पहिल्या दोनतीन महिन्यांत कालवणात गेल्या, आणि त्यात कुणाला दोष द्यायचं कारण नाही.

आईनं तीन ठेवल्या. त्यातली एक कवडी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. परसात टिपायला हिरवं पातं नाही, किडा नाही. रेशनच्या पोत्यांची गोणपाटं अंगणात झटकली जायची, तिथं कोंबड्या दिवसभर चोचा मारत बसायच्या. दाण्याच्या नादात कवडीनं गोणपाटाच्या सुतळ्या गिळल्या. दोन दिवसांनी ती पंख पाडून भिंतीला टेकून उभी. चोच उघडी, मान लांब करून गिळल्यासारखं करी, पण दाणा घेईना. पहाटे आईनं पिशवी चाचपली, तर लिंबाएवढा घट्ट गोळा.

आबा कामावर निघाले होते. म्हणाले, "अगं काप की तिला. पोरांच्या तोंडाला चार दिसानं चव तरी येईल."

आई म्हणाली, "आवं, आज चव येईल. पावसाळ्याला अंडं कोण देईल?"

"पावसाळा येतोय का न्हाई, ते बी ठावं न्हाई."

"आला तर?"

आबा काही न बोलता निघून गेले. त्या वर्षी "आला तर" या दोन शब्दांवर अख्खं गाव जगत होतं.

आईनं दिवसभर तिला दाणा दाखवला नाही. कोमट पाणी, आणि वातीच्या टोकानं करडईच्या तेलाचे चारपाच थेंब चोचीच्या कडेनं सोडले. मग मांडीवर घेऊन दोन बोटांनी तो गोळा हळूहळू मळत राहिली, कणकीत तेल मुरवतात तसा. घटकाभर मळायचा, सोडायचा, परत थोडं पाणी. आई कामावर गेली की ते काम माझ्याकडं. मला सांगून गेली होती, "जोर लावायचा न्हाई. आन पाय धरून उलटी करायची न्हाई." दुसऱ्या दिवशी गोळा मऊ लागला, दोन लिंबांच्या फोडी झाल्यासारखा. तिसऱ्या पहाटे पिशवी अर्धी उतरली होती आणि खाली विष्ठेत सुतळीचे पिंजलेले धागे होते. आईनं ते काडीनं उचलून बघितले. मग मिलोच्या कण्यांची पातळ पेज बोटावर घेऊन तिच्या चोचीला लावली. कवडीनं ती घेतली.

त्र्याहत्तरचा पाऊस आला. कवडी त्या पावसाळ्यात अंड्यावर आली, श्रावणात खुडूक बसली. गावात तेव्हा उबवायला कोंबड्या कमी राहिल्या होत्या. आईनं तिच्या पोटाखाली शेजारच्या तिघींची अंडी ठेवली आणि निघालेली पिल्लं अर्धलीनं वाटली. आमच्या आळीत पुढं चारपाच वर्षं ठिपक्याच्या कोंबड्या दिसायच्या त्या तिच्याच वंशाच्या. १९७५ला नव्या पद्धतीची दहावी सुरू झाली. मी १९७६ला बसले. तेव्हा फॉर्मचे पैसे आईनं कोंड्याच्या टोपलीखालच्या फडक्यातून काढून दिले. आमच्या घरात दहावीपर्यंत गेलेली मी पहिली मुलगी. माझ्या शिक्षणाचा इतिहास कुणी विचारला तर मला शाळेच्या आधी ती टोपली आठवते.

पण बायकांच्या या विद्येला एक हद्द होती, आणि तिचं नाव मानमोडी.

हे नाव आधी माणसांच्या साथीचं. १९१८ साली पहिल्या महायुद्धाच्या शेवटी जगभर जो इन्फ्लुएंझा आला, त्याला आपल्याकडं मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात त्यात एक कोटीहून जास्त माणसं गेली. माझी आजी तेव्हा लहान होती. एकाला पोचवून येईपर्यंत घरात दुसरा पडलेला असे, असं ती सांगायची. कोंबड्यांच्या आजारालाही गावानं तेच नाव दिलं, कारण त्यात कोंबडीची मान खरोखर पिळवटून मागं वळते. आधी कोंबडी चोच उघडून धापा टाकते, मग हिरवं-पांढरं हगते, पंख लुळा पडतो, मान मोडते आणि दोनतीन दिवसांत खेळ खलास. बिनलसीच्या कळपात साथ शिरली की शंभरातल्या ऐंशी-नव्वद जातात, कधी एकही राहत नाही.

हगवण दिसते म्हणून बायका पोटाचा आजार समजून लसूण, हळद, ताक, ओवा सगळं करायच्या. कशाचा उपयोग व्हायचा नाही, कारण तो आजार पोटाचा नव्हता, विषाणूचा होता. साथ आली की उरलेल्या कोंबड्या वाचवायला कुणी लेकीच्या गावाला पाठवायचं, कुणी बाजारात विकून टाकायचं. कोंबड्यांबरोबर साथही एसटीनं पुढच्या गावाला जायची. प्रत्येक बाई आपल्या चार कोंबड्या वाचवायला धडपडत होती, आणि त्या धडपडीतूनच सगळ्या तालुक्याच्या कोंबड्या मरत होत्या. एकटीच्या मायेनं न सुटणारा प्रश्न असतो, तो असा.

या आजाराला सरकारी भाषेत राणीखेत म्हणतात. मला कित्येक वर्षं वाटायचं, कुठल्या तरी राणीच्या शेतावर तो पहिल्यांदा आला असावा. राणीखेत हे हिमालयात कुमाऊँ भागातलं थंड हवेचं गाव आहे. १९२६च्या सुमारास जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसल गावाजवळ हा आजार ओळखला गेला, म्हणून जगात त्याला न्यूकॅसलचं नाव. लगेच पुढच्या काळात आपल्याकडं राणीखेतला तो सापडला, म्हणून आपल्याला राणीखेत. आजाराला गावाचं नाव मिळतं, मेलेल्या कोंबड्या कुणाच्या होत्या ते राहत नाही.

राणीखेतपासून जवळच डोंगरात मुक्तेश्वर आहे. जनावरांच्या रोगांची देशातली सगळ्यात जुनी सरकारी प्रयोगशाळा तिथं होती. आणि ती प्रयोगशाळा सुरू झाली होती आपल्या पुण्यात, १८८९ साली. नंतर १८९३ला ती मुक्तेश्वरला हलवली, कारण रोगाचे जंतू हाताळायला वस्तीपासून लांब, थंड जागा हवी होती. इंग्रजांनी ती काढली तेव्हा डोळ्यांसमोर कोंबडी नव्हती, बैल होता. बुळकांडीनं गुरं मरत होती, शेती आणि फौजेची ओढगाडी अडत होती. बुळकांडीवर जगानं पुढं मात केली आणि २०११ साली ती जगातून गेल्याचं जाहीर झालं. गावच्या पुरुषांचा हिशेब आणि राज्यकर्त्यांचा हिशेब एकच होता. आधी बैल, मग कोंबडी.

पण कोंबडीचीही पाळी आली. त्याच मुक्तेश्वरला राणीखेतची लस तयार झाली आणि आजही मोठ्या कोंबड्यांना देतात ती लस मुक्तेश्वरच्याच वाणाची. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकायची लासोटा नावाची सौम्य लस, आणि सहा-आठ आठवड्यांच्या पुढं मुक्तेश्वरवाली सुईनं. महाराष्ट्रात अशा लसी पुण्यात औंधला सरकारी संस्थेत तयार होतात. म्हणजे पुण्याहून डोंगरात गेलेलं काम फिरून पुण्याला आलं. औंधहून आमच्या गल्लीत यायला मात्र त्याला फार वर्षं लागली.

१९८०ला माझं लग्न होऊन मी कृष्णाकाठी आले. इथं पाणी, ऊस आणि पैसा. माणदेशातून आलेल्या मला सगळंच हिरवं दिसायचं. इथं येऊन मी पहिल्यांदा पोल्ट्रीचं शेड पाहिलं. पांढऱ्याशुभ्र लेगहॉर्न कोंबड्या, वर्षाला अडीचशेच्या पुढं अंडी देणाऱ्या, कधीच खुडूक न बसणाऱ्या. १९८२ला डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समिती झाली. अंड्याचा दर व्यापाऱ्यानं नव्हे, पाळणाऱ्यांनी मिळून ठरवायचा असं ठरलं. पुढं टीव्हीवर रोज अंडी खा म्हणून जाहिराती आल्या. पोल्ट्रीवाल्यांना त्यानं आधार झाला यात शंका नाही.

त्या शेडात डॉक्टर यायचा. मला वाटलं, चला, कोंबडीला डॉक्टर मिळाला. पण तो डॉक्टर कोंबडीचा नव्हता, शेडचा होता. पाच हजारांतली एक मलूल दिसली की ती उचलून बाहेर काढायची, हाच तिथला इलाज. मेलेली चिरून आतडं बघायचं आणि बाकीच्यांच्या पाण्यात औषध सोडायचं. त्यांच्या धंद्याला ते बरोबरच आहे. एकीला मांडीवर घेऊन बसलं तर पाच हजारांना रोग लागेल. पण औषधं पाण्यात सोडायची सवय इतकी वाढली, की २०१९ साली सरकारला कोलिस्टिन हे माणसाच्या शेवटच्या उपायाचं औषध कोंबड्या-जनावरांना द्यायला बंदी घालावी लागली. आणि ती सवय परसातही आली होती. माणसाच्या लाल-पिवळ्या कॅप्सूल फोडून निम्मी कोंबडीच्या घशात घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ते अंडं दुसऱ्या दिवशी पोराच्या ताटात.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जुन्या वळणाच्या. घरात सासरे माळकरी, अंडं चुलीपाशी चालायचं नाही, पण परसात आत्याबाईंच्या बारा कोंबड्या. विकायला चालत होतं. त्यांचा हात माझ्या आईपेक्षा वेगळा. पिशवीत पाणी झालेली कोंबडी त्या दोन्ही पाय धरून उलटी करायच्या आणि ते आंबलेलं पाणी चोचीतून काढायच्या. आईनं तर नको म्हणून सांगितलेलं. दोघींपुढं बोलायची माझी टाप नव्हती. पुढं एकदा शेळ्यांना टोचायला आलेल्या डॉक्टरांना मी विचारलं. त्यांनी कोंबडीची चोच उघडून जिभेच्या मुळाशी असलेली बारीक फट दाखवली. तीच तिची श्वासाची वाट. उलटी केली की पिशवीतलं पाणी त्या वाटेनं फुफ्फुसात जाऊ शकतं आणि कोंबडी हातातच गुदमरते. आत्याबाई बाजूला बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग माझ्या हातनं गेल्या त्या अशा गेल्या." त्यानंतर त्यांनी कधी कोंबडी उलटी धरली नाही. साठी ओलांडलेली बाई भर उन्हात बसून नवं शिकली, हे मला कुठल्याही शाळेपेक्षा मोठं वाटतं.

लस गल्लीत आली ती बचत गटामुळं. त्याआधी मी एका दवाखान्यात दहा कोंबड्यांना लस मागायला गेले होते. तिथला माणूस हसला, म्हणाला, "बाई, दहा कोंबड्यांना बाटली फोडू का?" हसणं मला लागलं, पण त्यात एक खरी अडचण होती. लसीची बाटली शंभर-दोनशे कोंबड्यांची असते. बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा फोडून कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, नाहीतर वाया. म्हणजे एका बाईची दहा कोंबड्यांची अडचण एकटीनं सुटणारच नव्हती. आजारपणात जशी कोंबडीमागं एक बाई लागते, तशी लसीमागं अख्खी गल्ली लागते.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी आमचा गट झाला. पहिल्या दोन बैठका कर्जाच्या, तिसरी कोंबड्यांची. कोंबडीमागं रुपया गोळा केला. आदल्या रात्री सगळ्यांनी खुराडी नीट लावून घेतली आणि पहाटे एकीनंही फळी काढली नाही, कारण एकदा कोंबडी बाहेर पडली की ती लसीला सापडत नाही. डॉक्टर थर्मासात बर्फ घालून सहाला आले. शंभराच्या वर कोंबड्या आठच्या आत टोचून झाल्या. त्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीत मर आली, घरं रिकामी झाली. आमच्या गल्लीतली खुराडी भरलेली राहिली. पुढच्या वर्षी वाडीतल्या बाया आमच्याकडं चौकशीला आल्या, आणि ज्यांनी "कोंबड्यांची बैठक" म्हणून चेष्टा केली होती ते आपापल्या बायकांना कोंबड्या धरून देऊ लागले.

मग २००६चा फेब्रुवारी आला. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला, देशात पहिल्यांदाच. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. मोठ्या शेडांतल्या तर गेल्याच, आसपासच्या गावपाड्यांतल्या घरगुती कोंबड्याही धरून नेल्या. साथ आटोक्यात आणायला ते करावंच लागतं, हे मला पटतं. पण टीव्हीवर पोत्यात कोंबड्या भरताना दाखवत तेव्हा मला दारात उभ्या राहिलेल्या आदिवासी बाया दिसायच्या. भरपाई मिळाली असेल, ती कोंबडीच्या मोलाची. घडवलेल्या खुडूक कोंबडीचं मोल कुठल्याच तक्त्यात नसतं. त्या महिन्यात आमच्याकडंही अंड्याला गिऱ्हाईक राहिलं नाही. बायकांचं मीठ-काड्याची पेटी परत नवऱ्याच्या खिशावर गेली.

नवापूरनं आजारी कोंबडीजवळ जायची रीत बदलली. आईसारखं मांडीवर घेऊन चुलीपाशी निजवणं मी आता कुणाला सांगणार नाही. आजारी कोंबडी दिसली की आधी वेगळी डालग्याखाली घ्यायची. तिचं पाणी-भांडं वेगळं. हाताळून झाल्यावर साबणानं हात. एकच कोंबडी असेल, मान सरळ असेल, डोळा लख्ख असेल आणि पहाटे पिशवी भरलेली लागत असेल, तर आईचा इलाज आजही करते. दाणा बंद, पाणी चालू, तेलाचे थेंब, हलका हात. पिशवी पाण्यासारखी आणि आंबूस असेल तर तेल नाही, मळणंही नाही, दाणा बंद आणि डॉक्टरांना विचारायचं. शेपटी खाली टाकून कुंथत असेल तर पोट बिघडलंय म्हणायच्या आधी अंडं अडलंय का ते बघायचं. रक्ताची हगवण असेल तर नुसत्या हळदीवर बसायचं नाही, तिला औषध आहे आणि ते लवकर दिलं तर पिल्लं वाचतात. औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस पुढं, अंडं खायचं नाही, विकायचं नाही. आणि एकाच वेळी तीनचार पडल्या, माना वळल्या, तुरे निळे पडले, तर कापायचं नाही, बाजारात न्यायचं नाही, पाहुण्याकडं पाठवायचं नाही. दवाखान्यात कळवायचं आणि मेलेल्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायच्या.

आता सरकारी योजनांतून गिरिराज, वनराजसारख्या सुधारित कोंबड्या परसात आल्या आहेत. अंडी जास्त देतात, वजनाला भरतात, पण अंड्यावर बसायला गावठीच लागते. शहरात गावठी अंड्याला आता वेगळा भाव आहे. मोटारसायकलवरून व्यापारी दारात येतो. भाव वाढला तसा पुरुषांचा कमीपणाही गेला. परवा गल्लीतला एक जण अंड्यांचा हिशेब बायकोकडं मागताना मी ऐकला. हे नवं आहे. आजारी कोंबडीपाशी तो बसलेला मात्र मी पाहिला नाही.

आमच्या घरातल्या कोंबड्या आता सूनबाईकडं आहेत. तिच्याकडं वही आहे, लसीच्या तारखा तिच्यात लिहिलेल्या असतात, आणि डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये आहे. पहाटे फळी काढताना ती एकेकीच्या गळ्याखाली बोटं लावते. अंड्याचा पैसा तिचा. मी त्याचा हिशेब विचारत नाही, आणि मुलालाही विचारू देत नाही.